श्रीलंकेतील यादवी युद्ध आणि भारताचे धोरण

जुलै १९८३ मधील तमिळविरोधी दंगलींनंतर भारताने मध्यस्थी आरंभली. तमिळ बंडखोरांना गुपचूप शस्त्रप्रशिक्षणही दिले. हा दुटप्पीपणा पुढे महागात पडला. ४ जून १९८७ रोजी भारतीय विमानांनी तमिळबहुल जाफनावर मदतसामग्री टाकली आणि २९ जुलैला पंतप्रधान राजीव गांधी व श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत शांतता करार केला. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. बहुसंख्य सिंहलींचा या कराराविरुद्ध रोष किती होता ते यावरून कळते. करार राबवण्यासाठी गेलेल्या भारतीय शांतिसेनेला ऑक्टोबरपासून लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढावे लागले. सुमारे १,२०० जवान कामी आले. मार्च १९९० मध्ये सेना परतली. लिट्टेने केलेल्या राजीव गांधींच्या हत्येनंतर (१९९१) भारताने लिट्टेवर १९९२ मध्ये बंदी घातली आणि पुन्हा श्रीलंकेत लढण्यासाठी सैन्य पाठवले नाही.