शोधवून शिकविण्याची कुळकथा

शिक्षण खात्याच्या परिपत्रकांतून मार्गदर्शित अन्वेषणाची रीत अलीकडची भासत असली, तरी तिचे कूळ एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये सापडते. हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ पासून असा आग्रह धरला की, विद्यार्थ्याला निष्कर्ष ऐकवण्यापेक्षा त्याला शक्य तेथे शोधकाच्या भूमिकेत उभे करावे. विचार थोर होता. परंतु अनुयायांच्या हाती तो अतिरेकास गेला, आणि सर जे. जे. थॉमसन यांच्या समितीने १९१८ साली त्यावर ठपका ठेवला. मानवजातीने शतकानुशतके मिळवलेले ज्ञान बालकाने एकट्याने पुन्हा उभारावे, ही अपेक्षाच अन्याय्य होती. म्हणूनच वाट दाखविणाऱ्याचे स्थान निश्चित होणे हाच, माझ्या मते, या इतिहासातील खरा शोध होय: मुलाच्या हाती काय द्यावे, कोणता प्रश्न विचारावा आणि उत्तर ठाऊक असूनही कुठवर मौन पाळावे, याचा विवेक.

आपल्या देशात या विवेकाची कसोटी मध्य प्रदेशातील होशंगाबादेत लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल आणि त्यांची किशोर भारती संस्था यांनी, रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरच्या साहाय्याने, १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञान सुरू केले, आणि १९७८ मध्ये ते सबंध जिल्ह्यात पसरले. पुस्तकात प्रयोग व प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. आणि शिक्षक दरमहा एकत्र बसून अडचणी मांडीत. २००२ साली सरकारी हुकुमाने हा कार्यक्रम बंद झाला, ही मोठी हानी झाली. दरम्यान, १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले होते. तेथे जयश्री रामदास यांनी प्राथमिक इयत्तांसाठी निरीक्षण आणि कृती यांवर उभी असलेली पुस्तके सिद्ध केली.

हाच विवेक परभणीच्या वर्गांतही आणता येईल. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होती. वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू असल्याने, मराठी मुलाच्या घरच्या अनुभवाला वर्गात फारशी जागा नव्हती. आज ती आहे, आणि साहित्य तर शेताच्या बांधावरच पडले आहे. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापून, तोंडाला फडके बांधून, त्या उलट्या ठेवाव्यात. एकीत काळी माती, दुसरीत गंगाखेडची गोदावरीची वाळू घालावी. पाणी ओतण्यापूर्वी गुरुजींनी विचारावे, "आधी कुठून ठिबकेल?" आणि प्रत्येकाचा अंदाज वहीत उतरवून घ्यावा. वाळूतून पाणी झरझर उतरते, काळी माती ते धरून ठेवते. तेव्हा एखादी मुलगी हमखास म्हणते की, माती जास्त घातली होती. ही शंका म्हणजेच धड्याचा गाभा: येथे गुरुजींनी खुलासा न करता, दोन्हींचे माप सारखे करून प्रयोग पुन्हा करावयास सांगावे. त्यानंतरच काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्याने फुगतात आणि वैशाखात आकसून भेगा पडतात, हे सांगण्यास अर्थ येतो.

असे प्रश्न ऐन वेळी सुचत नाहीत. ते सहकाऱ्यांसमवेत घासूनपुसून घ्यावे लागतात. केंद्रप्रमुखांच्या मासिक शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरण्याआधी एक तास या कामाला द्यावा, एवढी मागणी परभणीच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेकडे लेखी करावी.