पाऱ्याची निवृत्ति

जुनें यंत्र बदलणें म्हणजे त्याचे जागीं नवें आणून बसविणें, इतकाच अर्थ आपण सामान्यतः समजतों. परंतु ज्या यंत्रावर घरोघरचा दिवा अवलंबून आहे, तें बदलावयाचें झाल्यास प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाहीं. न्यूझीलंडमधील कुक सामुद्रधुनीच्या विद्युद्वाहिनीचा इतिहास ह्या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

त्या देशाच्या दक्षिण बेटांत डोंगरी नद्यांचें पाणी विपुल. विजेची मागणी मात्र उत्तर बेटांत अधिक. म्हणून 1965 सालीं बेनमोरच्या जलविद्युत् केंद्रापासून वेलिंग्टनजवळील हेवर्ड्सपर्यंत सुमारें 600 किलोमीटरांची वाहिनी सुरू झाली. पैकीं सुमारें 40 किलोमीटर ती समुद्राच्या तळावरून जाते. दिशा पालटणारा प्रवाह लांब समुद्री केबलमधून नेल्यास केबलची बरीच शक्ति तिला वरचेवर भारण्यांतच खर्ची पडते. यासाठीं तो एका टोकास एकदिश करावयाचा व दुसऱ्या टोकास पूर्ववत् करावयाचा. पहिलें काम रेक्टिफायरचें. दुसरें तेंच यंत्र उलट रीतीनें चालवून साधतें.

त्या काळीं एवढा दाब सोसणारा रेक्टिफायर पाऱ्याचाच असे. निर्वात पात्रांत पाऱ्याच्या वाफेंतून विजेची ज्योत एकाच दिशेनें चाले. स्वीडनचे ऊनो लाम यांनीं वर्षानुवर्षें खपून ही विद्या सिद्धीस नेली व 1954 सालीं गोटलंड बेटास तिच्याच योगें वीज पोंचली. परंतु पाऱ्यास एक खोड होती. मधूनच ज्योत उलट फिरे आणि त्या आघाताचा ताण ट्रान्सफॉर्मरांवर पडे.

पुढें सिलिकॉनचे थायरिस्टर आले. ते ह्या खोडीपासून मुक्त. एकटा थायरिस्टर थोडाच दाब सोसतो. म्हणून त्यांची लांब माळ ओंवावी लागते. मात्र तींत कांहीं मणी जादा ठेवले, तर एखादा निकामी झाला तरी माळ तुटत नाहीं.

मग जुन्यास तत्काळ निरोप कां दिला नाहीं? कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतानें पाऱ्याचे रेक्टिफायर काढून त्यांच्या जागीं थायरिस्टर बसविले. न्यूझीलंडनें 1990 नंतर नवी यंत्रणा जुनीच्या शेजारीं उभी करून दोघींकडून काम घेतलें. 2007 च्या सप्टेंबरांत जुनी बंद केली. पण पुढच्या हिवाळ्यांत उत्तर बेटास वीज कमी पडेल या भीतीनें तिचा अर्धा भाग पुन्हा कामास लावावा लागला! सेवानिवृत्त कारभाऱ्यास अडल्या वेळीं परत बोलवावें, तसाच हा प्रकार. अखेर 2012 च्या ऑगस्टांत पारा कायमचा थांबला व 2013 सालीं नवी थायरिस्टर-यंत्रणा सुरू झाली.

आपल्याकडील चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरांची वाहिनी आरंभापासूनच थायरिस्टरांची. उशिरां आल्यामुळें पाऱ्याचा निरोपसमारंभ तिच्या वांट्यास आला नाहीं. परंतु थायरिस्टरही एके दिवशीं म्हातारे होतीलच. त्या वेळीं 'नवें कोणतें चांगलें?' एवढेंच विचारून भागणार नाहीं. जुनें थांबल्यापासून नवें चालूं होईपर्यंत घरोघरचे दिवे कोणाच्या भरंवशावर जळतील, हें आधीं ठरवावें लागेल.