लिंडी हॉप : सर्वांसाठी खुल्या नृत्यगृहाची परंपरा

नृत्य म्हटले की रंगमंच, प्रकाशयोजना आणि समोर बसलेले प्रेक्षक असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु नृत्याचा एक मोठा प्रवाह असा आहे, की ज्यात प्रेक्षक ही संकल्पनाच गौण ठरते. मंगळागौरीची फुगडी असो वा नवरात्रातील गरबा, जमलेली मंडळी नाच पाहण्यासाठी नव्हे, तर नाचण्यासाठी आलेली असतात. पाश्चात्त्य देशांत जोडीने केल्या जाणाऱ्या अशा नृत्यांना ‘सोशल डान्स’ म्हटले जाते. रंगमंचीय नृत्य कलावंतांच्या बळावर टिकते; हे नृत्य मात्र स्थानिक समुदायाच्या बळावर टिकते. नवख्या माणसाला जोडीदार मिळावा, त्याची चूक हसण्यावारी न जाता सांभाळून घेतली जावी आणि पुढील आठवड्यात त्याला पुन्हा यावेसे वाटावे, एवढे साधले तरच ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील ‘लिंडी हॉप’ या नृत्याचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

सॅव्हॉयचा पायंडा

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स अव्हेन्यूवर १४०व्या आणि १४१व्या रस्त्यांच्या दरम्यान, १२ मार्च १९२६ रोजी ‘सॅव्हॉय बॉलरूम’ सुरू झाले. मालक मो गेल हे श्वेतवर्णीय ज्यू व्यावसायिक होते, तर व्यवस्थापक चार्ल्स ब्युकॅनन हे कृष्णवर्णीय. अमेरिकेत त्या काळी वर्णभेद सर्रास पाळला जात असे. हाकेच्या अंतरावरील सुप्रसिद्ध ‘कॉटन क्लब’मध्ये कृष्णवर्णीय कलावंत मंचावर आणि श्वेतवर्णीय ग्राहक टेबलांभोवती, अशी स्पष्ट विभागणी होती. सॅव्हॉयमध्ये मात्र दोन्ही वर्णांचे लोक एकाच लाकडी मजल्यावर एकमेकांसह नाचत. येथे माणसाचा वर्ण नव्हे, तर त्याचे पाऊल पाहिले जाते, अशी या नृत्यगृहाची ख्याती होती.

ही ख्याती केवळ सदिच्छेतून निर्माण झाली नव्हती. तिच्यामागे व्यवस्था होती. दालनात दोन वाद्यवृंदांसाठी दोन मंच शेजारी शेजारी होते. एकाचे वादन संपताच दुसऱ्याचे सुरू होई, त्यामुळे नाचात खंड पडत नसे. पायांना उसळी देणारा लाकडी मजला रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला होता. निष्णात नर्तकांसाठी एक कोपरा जणू राखूनच ठेवलेला असे. तेथे चढाओढ चाले, आणि उरलेल्या विस्तीर्ण जागेत सामान्य माणसे आपल्या परीने नाचत. स्पर्धा आणि सहजता अशा रीतीने एकाच छताखाली नांदत होत्या.

नॉर्मा मिलर (१९१९-२०१९) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सॅव्हॉयच्या मागच्या बाजूस राहणारी ही मुलगी आतून ऐकू येणाऱ्या संगीतावर बाहेरच्या पदपथावर नाचत असे. १९३२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, एका कसलेल्या नर्तकाने तिला आत नेले आणि तिच्यासह नाच केला. पुढे त्या या नृत्याच्या अग्रगण्य कलावंत ठरल्या आणि नव्वदी ओलांडल्यावरही नव्या पिढीला मार्गदर्शन करीत राहिल्या.

नृत्याचे स्वरूप

‘लिंडी’ हे नाव १९२७ मध्ये अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांच्यावरून पडले, असे मानले जाते. स्विंग शैलीच्या जॅझ संगीतावरील या नृत्यात एक जोडीदार पुढाकार घेतो आणि दुसरा साथ देतो. मात्र दोघेही मध्येच मोकळे होऊन उत्स्फूर्त पदन्यास करू शकतात. फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींचा तोल सांभाळतात. लिंडी हॉपमधील फिरकीचे तत्त्वही काहीसे असेच आहे. फ्रँकी मॅनिंग (१९१४-२००९) यांनी १९३५ मध्ये सॅव्हॉयमधील एका चुरशीत जोडीदारणीला पाठीवरून हवेत फिरवले आणि या नृत्यात कसरतीच्या हालचालींचा प्रवेश झाला. १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटात त्यांच्या चमूने केलेले नृत्य आजही अभ्यासले जाते.

मुंबईशी धागा

सॅव्हॉयच्या उद्घाटनाच्या काळात तेथे वाजवणाऱ्या वाद्यवृंदांपैकी एक होता ‘सॅव्हॉय बेअरकॅट्स’. त्याचे नेतृत्व करणारे व्हायोलिनवादक लिऑन ॲबी हे १९३५ मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमध्ये आले. अशा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांच्या सहवासात अनेक गोमंतकीय वादक जॅझमध्ये तरबेज झाले आणि पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत दाखल झाले. मराठी संगीतकार सी. रामचंद्र आणि गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या सहयोगातून १९५१ च्या ‘अलबेला’तील गाण्यांना लाभलेली स्विंगची लय याच परंपरेतून आली. तथापि मुंबईतील ही नृत्यदालने प्रामुख्याने उच्चभ्रू वर्गासाठी होती. साहजिकच संगीत गाण्यांच्या रूपाने घरोघरी पोहोचले, पण त्यावर जोडीने नाचण्याची प्रथा मराठी मध्यमवर्गात रुजली नाही.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

हार्लेममधील उघडे दारही निर्वेध राहिले नाही. एप्रिल १९४३ मध्ये अनैतिक व्यवहारांचा ठपका ठेवून प्रशासनाने सॅव्हॉय बंद केले. दोन वर्णांचे लोक एकत्र नाचतात, हेच त्यामागील खरे कारण असल्याची भावना हार्लेममध्ये होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९४४ मध्ये नृत्य आणि गायनाची सोय असलेल्या करमणूकस्थळांवर ३० टक्के केंद्रीय कर लागू झाला. काही महिन्यांतच तो २० टक्क्यांवर आला, तरी अनेक नृत्यगृहांचे अर्थकारण कोलमडले. जॅझचे नवे प्रवाह नाचण्यापेक्षा ऐकण्याकडे झुकले, तर तरुणाई रॉक अँड रोलकडे वळली. १९५८ मध्ये सॅव्हॉय कायमचे बंद झाले, आणि त्या जागी निवासी संकुल उभे राहिले. मॅनिंग यांनी टपाल खात्यात नोकरी धरली आणि सुमारे तीन दशके ती केली.

१९८० च्या दशकात स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिकेतील काही तरुणांनी जुने चित्रपट पाहून या नृत्याचा माग काढला आणि हयात असलेल्या नर्तकांना गाठले. सत्तरीच्या उंबरठ्यावरील मॅनिंग पुन्हा शिकवू लागले. स्टॉकहोमच्या उत्तरेकडील हेरेंग या लहानशा गावात १९८२ पासून भरणारे शिबिर जगभरातील नर्तकांचे तीर्थक्षेत्र बनले. दक्षिण कोरियातील सोलमध्ये आज जगातील मोठ्या लिंडी हॉप समुदायांपैकी एक नांदतो, तर भारतातील काही महानगरांतही लहान गट नियमितपणे जमतात. मॅनिंग यांचा २६ मे हा जन्मदिन जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो.

नवख्यांसाठी व्यवस्था

या पुनरुज्जीवित समुदायांनी आपापल्या शहरांत काही समान प्रथा रुजवल्या आहेत. संध्याकाळच्या खुल्या नृत्यापूर्वी बहुधा अर्ध्या-एक तासाचा प्राथमिक वर्ग असतो. त्यात ठरावीक वेळाने जोडीदार बदलला जातो, त्यामुळे एकट्याने आलेली व्यक्तीही एकाकी राहत नाही आणि तासाभरात दहा-बारा जणांशी तिची ओळख होते. दाराशी स्वागताला कोणी असणे आणि जुन्या नर्तकांनी नवख्यांसह किमान एक-दोन गाणी नाचणे अपेक्षित असते. संगीत निवडणारा सलग वेगवान गाणी लावीत नाही. मध्यम लयीची गाणी मधूनमधून पेरतो. न विचारता जोडीदाराच्या चुका सुधारू नयेत, हा संकेत विशेष महत्त्वाचा होय. शिकवणी वर्गात होते. खुल्या नृत्यात दोघेही समान असतात. कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीने कोणतीही भूमिका घ्यावी, ही रीतही आता रूढ झाली आहे.

नाचासाठी विचारणा कशी करावी, या प्रश्नाला निरनिराळ्या नृत्यपरंपरांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अर्जेंटिनातील टँगोच्या मैफलींत दुरूनच नजरेने विचारले जाते आणि मानेच्या हलक्या हालचालीने होकार मिळतो. नकार द्यायचा असल्यास नजर वळवली की पुरे. तेथे सामान्यतः तीन-चार गाण्यांचा एक संच एकाच जोडीदारासह नाचला जातो, आणि नंतर वाजणारी वेगळ्या संगीताची छोटी धून जोड्या बदलण्याची खूण ठरते. लिंडी हॉपमध्ये जवळ जाऊन, शब्दांत विचारण्याची पद्धत आहे आणि बहुतेक ठिकाणी एक-दोन गाण्यांनंतर आभार मानून जोडीदार बदलला जातो. पद्धती भिन्न असल्या तरी होकार आणि नकार दोन्ही सुकर व्हावेत, हा हेतू समान आहे.

स्वागत आणि सुरक्षितता

काही काळ या वर्तुळात असा समज होता, की नाचासाठी आलेली विनंती नाकारणे म्हणजे उद्धटपणा. वरवर पाहता हा समज नवख्यांच्या हिताचा वाटतो. परंतु त्यामुळे नकोसा स्पर्श निमूटपणे सहन करण्याची वेळ विशेषतः स्त्रियांवर येत असे. २०१५ च्या आरंभी एका ख्यातनाम प्रशिक्षकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप जाहीरपणे केले आणि हे जागतिक वर्तुळ हादरले. त्यानंतर अनेक गटांनी लेखी आचारसंहिता तयार केल्या, तक्रार ऐकून घेण्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमल्या आणि कारण न देता नकार देण्याचा प्रत्येकाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. प्रशिक्षक कितीही नामवंत असला तरी नियम त्यालाही लागू, हे तत्त्व यातून पुढे आले.

सर्वांना प्रवेश देणे ही सुरुवात असते. आत आलेल्याला निर्धास्तपणे नाचता येईल आणि नको असेल तेव्हा थांबताही येईल, याची हमी द्यावी लागते. सॅव्हॉयच्या जागेवर २००२ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला, तेव्हा मॅनिंग आणि मिलर दोघेही उपस्थित होते. वास्तू नामशेष झाली, पण नृत्य हयात आहे. कोणत्याही शहरात भाड्याच्या सभागृहात जमणारे वीस-पंचवीस जण अनोळखी माणसाला जोडीदार म्हणून हात पुढे करतात, तेव्हा तीच परंपरा पुढे चालू राहते.