मासा ताजा होता, तरी जुलाब का झाले?

"डॉक्टर, मासा अगदी ताजा होता. सकाळीच बाजारातून आणलेला. मग हे जुलाब कशाने?" पावसाळ्याच्या आधी-नंतर हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. ताजा मासा म्हणजे निर्जंतुक मासा, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही, आणि हे वैद्यकशास्त्राला कळायलाही बराच काळ लागला. ती हकीकत आज सांगतो, कारण तिच्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ऑक्टोबर 1950. जपानमधील ओसाका शहराच्या दक्षिण भागात 272 माणसं एकाएकी आजारी पडली. पोटात कळा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. त्यांपैकी 20 जण दगावले. सगळ्यांच्या खाण्यात एक पदार्थ समान होता, तो म्हणजे शिरासू. शिरासू म्हणजे तारलीच्या जातीची बारीक पिल्लं, उकडून अर्धवट सुकवलेली. ओसाका विद्यापीठातील डॉ. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी रुग्णांचे आणि त्या मासळीचे नमुने तपासले आणि त्यांना एक नवाच जंतू सापडला. त्यांचा शोधनिबंध 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. पण असा प्रकार पुन्हा घडला नसता, तर कदाचित हा जंतू विस्मरणात गेला असता.

तो घडला 1955 मध्ये, योकोहामातील एका रुग्णालयात. या वेळी 120 जणांना बाधा झाली आणि संशय आला काकडीवर! थोडंसं मीठ लावून मुरवलेली काकडी. काकडी काही समुद्रात पिकत नाही. मग समुद्रातला जंतू तिच्यात आला कुठून? डॉ. ताकिकावा यांच्या लक्षात आलं, की या जंतूला वाढायला मीठ लागतं. मीठ नसलेल्या माध्यमात तो वाढतच नाही. म्हणजे आपण जे मीठ पदार्थ टिकावा म्हणून लावतो, तेच याला मानवतं. अशा वेळी मासे चिरलेली फळी, सुरी किंवा हात यांच्यामार्फत जंतू भाजीपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या मिठावर वाढतो.

पुढे 1963 मध्ये डॉ. रिइची साकाझाकी यांनी या जंतूला कॉलऱ्याच्या जंतूच्या कुळात बसवलं. तेव्हापासून त्याचं नाव व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस.

आता मुख्य मुद्दा. हा जंतू माशाला झालेला रोग नाही. व्हिब्रियो कुळातले जंतू समुद्रातल्या माशांच्या आतड्यात एरवीही राहतात, जसे आपल्या आतड्यात आपले जंतू राहतात. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की थंडीत हा जंतू तळाच्या गाळात राहतो. पाणी कोमट झालं की वर येतो आणि प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, चिकटून वाढतो. मासे प्लवक खातात आणि जंतू त्यांच्या पोटात जातो. निरोगी जिवंत माशाच्या मांसात सहसा जंतू नसतात. ते असतात आतड्यात, कल्ल्यांत आणि त्वचेवर. पोट फाडताना आतडं फुटलं, की ते सगळीकडे पसरतात.

मग रोज मासे खाणारी माणसं रोज आजारी का पडत नाहीत? याचं उत्तरही जपानमध्येच मिळालं. 1960 च्या दशकात असं आढळलं, की रुग्णांकडून मिळालेले जवळजवळ सगळे जंतू एका विशिष्ट चाचणीत रक्तपेशी फोडतात. समुद्रातून आणि माशांतून मिळालेल्यांपैकी मात्र शेकड्यात एखाद-दुसराच तसं करतो. योकोहामा ज्या प्रांतात आहे, त्याचंच नाव देऊन याला कानागावा चाचणी म्हणतात. थोडक्यात, माशाच्या पोटातले बहुतेक व्हिब्रियो आपल्याला त्रास देत नाहीत.

पण तो एखादा पुरेसा असतो. अनुकूल तापमानात हा जंतू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तीन तासांत अडीच लाखांहून अधिक होऊ शकतात! आणि हा फक्त जपानचा प्रश्न नाही. फेब्रुवारी 1996 पासून कोलकात्यात याचा O3:K6 हा प्रकार रुग्णांमध्ये अचानक वाढला. तो पुढे आशियातील इतर देशांत पसरला आणि 1998 मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्येही आढळला. जपानने 2001 मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मासळीसाठी नियम कडक केले. ती 10 अंश सेल्सियसच्या खाली ठेवायची आणि किनाऱ्यावरच्या समुद्राच्या पाण्याने धुवायची नाही. त्यानंतर तिथले रुग्ण खूप कमी झाले.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू.

• मासे घरी आणल्याबरोबर पोट, कल्ले काढून नळाच्या पाण्याने धुवा. गोडं पाणी या जंतूला मानवत नाही, बरेच जंतू त्यानेच मरतात.
• मीठ-हळद लावलेले मासे ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. मीठ लावलं म्हणजे काम झालं, असं समजू नका.
• ज्या विळीवर मासे कापले, ती साबणाने धुतल्याशिवाय त्याच विळीवर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. योकोहामाची काकडी आठवा.
• मासा आतपर्यंत शिजू द्या. शिजलेला मासा कच्च्या माशाच्या ताटलीत परत ठेवू नका.

बाधा झालीच, तर बहुधा जेवणानंतर एका दिवसाच्या आत त्रास सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतो. खरा धोका शरीरातलं पाणी कमी होण्याचा असतो. ओआरएस घोट घोट घेत राहा. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. जुलाबात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा ग्लानी असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. लहान मुलं, वृद्ध, मधुमेही आणि यकृताचा आजार असलेल्यांनी तर वाटच पाहू नये.

मासे जरूर खा. पुढच्या वेळी पोट बिघडलं, तर मासा ताजा होता का एवढंच आठवू नका. तो किती वेळ बाहेर राहिला आणि त्या विळीवर नंतर काय चिरलं, हेही आठवा. मला तपासताना त्याचा जास्त उपयोग होईल.