झील : मागच्या आवाजाची कुळकथा

मुख्य गायकाची ओळ संपत आली की साथीदार तिचे शेवटचे शब्द किंवा नुसता शेवटचा सूर उचलतात आणि एकसुरात लांबवतात. या लांबवण्याला झील म्हणतात आणि ती धरणाऱ्याला झीलकरी. पोवाड्यात आणि तमाशात हा शब्द रुळला आहे. कीर्तनात हेच काम ध्रुपद धरणारे टाळकरी करतात, तर आजच्या भजन मंडळात साथीदार किंवा कोरस. नावे वेगळी असली तरी सगळीकडे एक पुढे म्हणणारा असतो आणि काही जण मागे धरणारे. मंडळात सर्वांत जास्त गातो कोण, हा श्रोत्यांचा आवडता वाद या विभागणीतूनच निघतो.

या विभागणीचे मूळ ‘ध्रुवपद’ या शब्दात सापडते. ध्रुव म्हणजे अढळ. पदातील इतर चरण बदलत जातात. जो चरण पुन्हा पुन्हा परत येतो, तो ध्रुव. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तील गीतांनाही असे ध्रुवपद आहे. मराठीत त्याचे ध्रुपद किंवा धृपद झाले. अभंगांच्या छापील गाथ्यांत एका चरणापुढे ‘ध्रु’ ही खूण दिसते, ती याचीच. ती खूण वाचकापेक्षा गाणाऱ्यांच्या कामाची आहे. प्रत्येक कडव्यानंतर कुठे परतायचे हे ती सांगते, आणि परतण्याचे काम सगळ्यांचे असते. बदलणारा मजकूर एकाच्या तोंडी आणि न बदलणारा सर्वांच्या तोंडी, अशी ही वाटणी आहे. ज्याला सगळी रचना पाठ नाही, त्यालाही पहिल्या आवर्तनानंतर गाण्यात सामील होता येते.

वारकरी कीर्तनाची मांडणी याच तत्त्वावर उभी आहे. कीर्तनकार पुढे, मागे विणेकरी, टाळकरी आणि पखवाजवादक. निरूपणाला घेतलेला अभंग कीर्तनकार उलगडत नेतो. टाळकरी ध्रुपद धरतात, मध्येच चाली म्हणतात. कीर्तनकार बोलत असताना गाण्याचा धागा त्यांच्याकडे असतो. तुकाराम महाराजांमागे 14 टाळकरी असत, असे परंपरा सांगते. त्यांत कडूसचे गंगाजी मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे ही नावे अग्रभागी आहेत. संताजींनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले. पुढे वि. ल. भावे यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला, तो याच वह्यांच्या आधारे. पुढचा आवाज विरून गेल्यावर शब्द टिकवण्याचे कामही मागे उभ्या राहणाऱ्याच्या हातून झाले, याचे हे ठळक उदाहरण.

शाहिरी परंपरेत झील अधिक धारदार झाली. शाहीर डफावर थाप मारून ओळ टाकतो; मागचे झीलकरी तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने ‘जी जी’ करत सूर वर नेतात. तमाशातील सुरते हेच काम करतात. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत एकट्या शाहिराचा आवाज पोचणे अवघड होते; तीन-चार गळ्यांच्या झिलीने तो पोचे. शिवाय झील चालू असताना शाहिराला श्वास घेता येतो, पुढचा चौक आठवता येतो आणि प्रसंग पाहून शब्द बदलता येतात. पोवाडा तासभर चालू शकतो तो या उसंतीमुळे. पट्टी घसरू न देणे हेही झीलकऱ्याचेच काम. तुणतुण्याची एकच तार आणि झीलकऱ्याचा गळा हे दोन्ही मिळून शाहिराला त्याचा षड्ज दाखवत राहतात.

गाण्याबाहेर मात्र मराठीने या कामाची किंमत कमी केली. ‘री ओढणे’ हा प्रयोग साथीच्या गायनातून आला, पण व्यवहारात त्याचा अर्थ स्वतःचे मत न ठेवता दुसऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावणे असा झाला. ‘झीलकरी’ हा शब्दही पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्या होयबांसाठी वापरला जातो. तेच ते पुन्हा सांगणे म्हणजे ‘पालुपद लावणे’ आणि कंटाळा येईपर्यंत सांगणे म्हणजे ‘तुणतुणे वाजवणे’. ध्रुवपदातला अढळपणा असा हेकटपणाच्या आणि लाचारीच्या अर्थाला जाऊन मिळाला. गाणाऱ्यांच्या जगात तसे नाही. तिथे कच्चा झीलकरी शाहिराला बेसूर करतो आणि पक्का झीलकरी सावरून घेतो.

वऱ्हाडात विसाव्या शतकात या मागच्या आवाजाला नवे रूप मिळाले. गाडगेबाबांच्या कीर्तनात नेमलेल्या टाळकऱ्यांपेक्षा समोर बसलेला समाजच साथीला असे. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत, लोक एकमुखाने उत्तर देत आणि नामाचा गजर उचलून धरत. श्रोता आणि झीलकरी यांच्यातली रेघ तिथे पुसली गेली.

या सामुदायिक साथीला भजन मंडळाची शिस्त दिली ती तुकडोजी महाराजांनी. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. 1935 मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. सामुदायिक प्रार्थना हा या कार्याचा कणा आणि खंजिरी हे त्याचे वाद्य. एका बाजूने चामडे मढवलेले छोटे लाकडी कडे आणि त्यात बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढीच तिची घडण. एका हाताने धरून दुसऱ्याने वाजवता येते, तोंड मोकळे राहते. त्यामुळे पुढे म्हणणाराच लयही राखू शकतो आणि तबलजी मिळाला नाही तरी भजन अडत नाही. 1942 च्या आंदोलनात महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. पुढचा आवाज असा गजांआड गेला तरी पद थांबू नये, याची सोय सामुदायिक गायनाच्या रचनेतच असते. ध्रुपद सगळ्यांना येत असते.

अशी मंडळे आजही गातात असा एक मुलूख म्हणजे वरूड, अमरावती जिल्ह्यातला, मध्य प्रदेशाला लागून असलेला संत्र्याच्या बागांचा तालुका. मोझरी, यावली, वरखेड ही गावे याच जिल्ह्यातली, त्यामुळे खंजिरी भजनाचा संस्कार या मुलखात घरचा आहे. महाराजांनी मराठीबरोबर हिंदीतही भजने रचली. सीमेवरच्या या भागात दोन्ही सहज गायली जातात. पुरुष, महिला आणि मुले यांची मंडळे वेगवेगळी असतात. मुख्य गायक, खंजिरी, संवादिनी, तबला, टाळ आणि मागे म्हणणारे, अशी साधारण रचना. घरगुती भजनात एकाचे पद झाले की दुसरा उचलतो, तिसरा नवी चाल काढतो. खंजिरी भजन स्पर्धेत मात्र वेळ मोजलेली असते, म्हणून बहुधा ठरलेला गायकच पुढे राहतो. एकाच मंडळात जास्त कोण गातो याचे उत्तर म्हणूनच घरच्या बैठकीत एक आणि स्पर्धेच्या मंचावर दुसरे मिळू शकते.

असा हिशेब करताना अडचण कुठे येते, हे दूरच्या एका उदाहरणाने स्पष्ट होते. लिव्हरपूलच्या बीटल्स या चौघांच्या बँडमध्ये ठरलेला एकच मुख्य गायक नव्हता. त्यांची पहिली लाँगप्ले ‘प्लीज प्लीज मी’ मार्च 1963 मध्ये आली. तिच्यातील 14 गाण्यांपैकी जॉर्ज हॅरिसनने 2 आणि रिंगो स्टारने 1 पुढे राहून गायले, एवढे सरळ मोजता येते. उरलेली 11 जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्यात वाटताना चाहत्यांचे आकडे जुळत नाहीत, कारण ‘मिझरी’सारख्या गाण्यात दोघेही बरोबरीने गातात. ‘लव्ह मी डू’ या 1962 च्या गाण्यात शीर्षकाची ओळ आधी लेनन म्हणत असे. पण ती संपता संपता त्यालाच हार्मोनिका तोंडाला लावायची होती, म्हणून ध्वनिमुद्रणात ती मॅकार्टनीकडे गेली. वाद्याने तोंड अडवले आणि गायक बदलला. खंजिरी तोंड अडवत नाही, म्हणून भजनात असा बदल वाद्यामुळे करावा लागत नाही.

भजनात हिशेबाची अडचण निराळी आहे. कडवी मोजली तर मुख्य गायक पुढे राहतो. ओळी मोजल्या तर झीलकरी त्याला गाठतात, कारण प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद त्यांच्या गळ्यातून येते आणि बहुधा एकापेक्षा जास्त वेळा येते. नाव पाहू गेले तर दोघेही मागे पडतात. अभंगाच्या शेवटी ‘तुका’ किंवा ‘नामा’ ही मुद्रा येते, तशी तुकडोजींच्या खंजिरी भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ येते. शेवटचे कडवे कोणीही म्हटले तरी नाव रचणाऱ्याचेच उच्चारले जाते. म्हणून पद कोणाचे, या प्रश्नाची भजनात तीन उत्तरे होतात: मुद्रा रचणाऱ्याची, कडवे पुढे म्हणणाऱ्याचे आणि ध्रुपद मागच्यांचे. मुद्रेचे कडवे संपल्यावरही पद तिथे थांबत नाही. ते एकदा ध्रुपदावर परत येते, आणि शेवटचा सूर झीलकऱ्यांचा असतो.