बुरशीतील एटीपी सिंथेसचा ‘सी’ उपघटक

सजीव पेशीला लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूद्वारे मिळते. बुरशीच्या तंतुकणिकेत हा रेणू एटीपी सिंथेस हे विकर तयार करते. त्याला गती देण्यात ‘सी’ या उपघटकाचा मोठा वाटा आहे.

पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये हा उपघटक ७६ अमिनो आम्लांचा असून त्याचा आकार हेअरपिनसारखा आहे. असे १० उपघटक मिळून तंतुकणिकेच्या आतील पटलात वलय तयार होते, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. प्रत्येक उपघटकातील ५९ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्ल प्रोटॉन स्वीकारते व पुढे सोडते. त्यामुळे वलय फिरते. एका फेरीत १० प्रोटॉन पार होऊन ३ एटीपी रेणू तयार होतात.

ऑलिगोमायसिन हे प्रतिजैविक या वलयाला चिकटून त्याची गती रोखते. मात्र ते मानवी पेशीतील ८ उपघटकांचे वलयही रोखत असल्याने रुग्णाला देता येत नाही. क्षयरोगाच्या जिवाणूतील याच उपघटकावर आघात करणारे बेडाक्विलिन २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २०१६ पासून ते भारतातही दिले जाते. बुरशीजन्य आजारांवर या मार्गाने औषध शोधण्यासाठी मानव व बुरशी यांच्या वलयांतील सूक्ष्म फरक हेरणे आवश्यक आहे.