नवे-जुने : भंडारा जिल्ह्यातील कर्जफेडीची एक जुनी रीत

भंडारा जिल्ह्याची शेती धानाची आणि धान पावसाच्या भरवशावरचे. रोवणीच्या मजुरीला पावसाळ्यातच पैसा लागतो, पीक मात्र दिवाळीच्या सुमारास हाती येते. मधले महिने उसनवारीवर निघत. बियाणे आणि खावटीचे धान मालगुजार (गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनदार) किंवा सावकार सवाई-दिढीने देई, म्हणजे एका खंडीला मळणीनंतर सव्वा किंवा दीड खंडी परत. रोख रक्कम रोख्यावर, म्हणजे लेखी कर्जपत्रावर, मिळे. पीक बुडाले की जुन्या देण्याच्या जागी नवे देणे लिहिले जाई. यालाच नवे-जुने करणे म्हणतात.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या जमीनमहसूल बंदोबस्तात मालगुजारांना गावांवर मालकी हक्क मिळाले आणि जमीन तारण म्हणून चालू लागली. साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा न केल्यास तो मुदतबाह्य ठरे. त्यामुळे सावकार मुदतीआधीच रोखा पालटून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात धरी. दरसाल शेकडा २४ दराने १०० रुपयांचे तीन वर्षांत १७२ होतात. १७२ चा नवा रोखा झाला की आणखी तीन वर्षांनी देणे सुमारे २९६ भरते. रोखा पालटला नसता तर सरळ व्याजाने ते २४४ झाले असते. वरचे ५२ रुपये कुळाच्या हाती कधी आलेलेच नसत.

एकाचे फेडायला दुसऱ्याकडून घेतले तर धोका वेगळा असे. पहिले कर्ज बहुधा तारणाशिवायचे, दुसरे मात्र शेत गहाण टाकून घेतलेले. व्याजाचा दर उतरला तरी आता शेतच पणाला लागे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ही कोंडी आणखी घट्ट केली.

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मिळाली. १९३३ मध्ये मध्य प्रांताने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. त्याखालील मंडळे धनको-ऋणकोंना समोरासमोर बसवून देण्याची रक्कम कमी करवीत आणि हप्ते बांधून देत. जुनी देणी फेडण्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या भूतारण बँकाही याच दशकात पुढे आल्या. इथेही कर्जाने कर्जच फिटे, पण आधी रक्कम घटे आणि मुदत वाढे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली.

नवे-जुने मात्र टिकले. पीककर्ज ३१ मार्चपर्यंत भरले तर व्याज सवलत मिळते. तेवढ्यासाठी काही शेतकरी थोड्या दिवसांकरिता खाजगी कर्ज काढून बँकेचे खाते पूर्ण करतात आणि नवे कर्ज मिळताच खाजगी देणे परत करतात. बँकेच्या वहीत कर्ज नियमित दिसते, प्रत्यक्षात मुद्दल तेवढेच राहते. नवे कर्ज लांबले तर सवलतीत वाचलेले व्याज सावकाराच्या व्याजात जाते. विकलेल्या धानाचे चुकारे उशिरा मिळाले की खाजगी कर्ज काढण्याची हीच वेळ येते.

म्हणून जुने देणे नव्याने फेडताना दर, तारण आणि शेवटी भरायची एकूण रक्कम या तीन गोष्टी पाहाव्यात. एकूण रक्कम घटत नसेल, तर फेड झाली असे म्हणता येत नाही.